सागवान-शिसवाचा गिटारचा नेक घरी करतोय, कापण्याआधी मापं तपासून द्या (सांगली)

विश्रामबागकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीच्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारची बॉडी धडधाकट आहे, पण नेक (दांडी) हेडस्टॉकच्या, म्हणजे किल्ल्या बसतात त्या टोकाच्या, मुळाशी तडकलाय. दुरुस्तीपेक्षा नवीनच करावा म्हणतो. कागदावर सगळं काढून झालंय. करवत लावायच्या आधी जाणकारांनी एकदा नजर टाकावी.

लाकूड: नेकसाठी जुन्या वाड्याच्या तुळईतून चिरून आणलेली सागवानाची फळी, ७२० × १०५ × २५ मिमी. फ्रेटबोर्डसाठी (नेकवर चिकटते आणि जिच्यावर फ्रेट, म्हणजे पडदे, बसतात ती पट्टी) शिसवाची पट्टी, ५०० × ६० × ७ मिमी.

इतर सामान: दोन्हीकडे फिरणारा ट्रस रॉड (नेकच्या आत बसून त्याचा वाक सुधारणारी सळई; ४६० मिमी लांब, ६ रुंद, ९ उंच), दीड मीटर फ्रेटवायर, हाडाचा नट (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात ती पट्टी).

हत्यारं: ट्रिमर (छोटा राउटर), बेंच ड्रिल, जॅक रंधा, पटाश्या, कानशी, सहा शिकंजे.

मापं: स्केल (नट ते सॅडल, तार वाजते ती लांबी) ६४८ मिमी, २२ फ्रेट, रुंदी नटपाशी ४२ आणि शेवटाला ५६, रेडियस (बोर्डाच्या गोलाईची त्रिज्या) १२ इंच. हील (नेकचं बॉडीच्या खिशात बसणारं टोक) एकूण २५ मिमी जाड. पहिल्या फ्रेटला बोर्डासकट २० मिमी, बाराव्याला २२. हेडस्टॉक सरळ, मागे न झुकणारा.

फ्रेटची जागा राहिलेल्या लांबीला १८ ने भागून काढली: पहिला ३६.०, दुसरा ७०.०, बारावा ३२१.६.

नटपासून ४७२ मिमीवर नेक आणि बोर्ड दोन्ही संपतात. बॉडीत नेकच्या खिशाच्या भिंतीपासून सॅडलपर्यंत (बॉडीवर तार टेकते तो पुढेमागे सरकणारा तुकडा) १८७ मिमी भरतात. खिसा १६ मिमी खोल.

प्रश्न:
१. हे लाकूड चालेल का?
२. फ्रेटच्या खाचा हॅक्सॉ ब्लेडने मारल्या तर?
३. ट्रस रॉडची खोबण ११ मिमी खोल घेतोय, जरा आत बसला तर बरं. बरोबर आहे ना?
४. पाऊस सुरू आहे. आत्ता चिकटवू की दिवाळीपर्यंत थांबू?

---

बाराचा पडदा

थांबा, काही कापू नका. दोन आकडे असे चुकलेत की नेक देखणा होईल आणि वाजणार नाही.

पहिला आकडा १८. हा फार जुना ठोकताळा आहे. सोळाव्या शतकात व्हिन्चेन्झो गॅलिलीने (खगोलवाल्या गॅलिलिओचे वडील, स्वतः ल्यूट वाजवायचे) पडद्यांसाठी १८ ला १७ हेच प्रमाण सांगितलं होतं. ल्यूटचे पडदे आतड्याचे, बांधलेले. कानाला खटकलं तर सरकवायचे. तुमचा फ्रेट एकदा ठोकला की ठोकला. भाजक १७.८१७ घ्या. बारा वेळा भागल्यावर तार बरोबर निम्मी व्हायला हवी, म्हणजे ३२४.०. तुमचा बारावा ३२१.६ वर येतोय, जवळजवळ अडीच मिमी अलीकडे. तिथे एक मिमी म्हणजे पाच सेंटच्या वर फरक, अर्धा सूर म्हणजे १०० सेंट धरून. अडीच मिमीला बारा-तेरा सेंट. साध्या माणसालाही कळेल.

६४८ साठी ताळा पाहायला हे आकडे, सगळे नटच्या तोंडापासून: १ ला ३६.३७, २ रा ७०.७०, ३ रा १०३.१०, ५ वा १६२.५५, ७ वा २१५.५१, १२ वा ३२४.००, २१ वा ४५५.३५, २२ वा ४६६.१६. मधले फोनच्या कॅल्क्युलेटरवर काढा.

आखतानाही प्रत्येक माप नटपासूनच घ्या. आधीच्या फ्रेटपासून पुढचा असं गेलात तर दर वेळी केसभर चुकतं, आणि बाराव्यापर्यंत त्या केसांची वेणी होते. ६०० मिमीची स्टीलची पट्टी टेपने बोर्डावर चिकटवून टाका, शेवटची रेघ मारेपर्यंत उचलायची नाही. पेन्सिल नको, धारदार सुरीने रेघ मारा. करवत सुरीच्या चिरेत आपसूक बसते.

दुसरी चूक जास्त महाग पडली असती. खिशाच्या भिंतीपासून सॅडलपर्यंत १८७, म्हणजे नट ते हीलचं टोक ६४८ वजा १८७ = ४६१ मिमी. तुम्ही हील ४७२ वर संपवताय. तसं केलं तर नट ते सॅडल ६५९ होईल. अकरा मिमी भरून काढण्याइतकी सॅडल पुढे सरकत नाही.

बोर्ड मात्र ४७२ चाच ठेवा. बाविसावा फ्रेट ४६६ वर आहे, म्हणजे तो हीलच्या पुढे येणाऱ्या ११ मिमीच्या छपरावर बसेल. २२ फ्रेटच्या स्ट्रॅट नेकला तो बोर्ड बाहेर आलेला दिसतो ना, तो याच हिशोबाने.

१८७ मोजताना पहिल्या बारीक तारेची सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणून मोजलंत का, तेही बघा. बाकीच्या सॅडल सुरात आणताना मागेच जातात, जाड तारेची सगळ्यात जास्त. सॅडल मधोमध ठेवून मोजलं असेल तर पुन्हा मोजा.

---

दांडीवाला, मिरज

लाकडाचं मी बोलतो.

आमच्या गल्लीत दांडी म्हणतात, तुम्ही नेक म्हणा. सतारीची दांडी तुणीची किंवा सागवानाची असते, पण ती जाड आणि आतून पोकळ. तिचे पडदे दोऱ्याने बांधलेले, त्यामुळे दांडी जरा हलली तरी पडदा सरकवून सूर मिळतो. गिटारची दांडी दोन बोटं जाडीची. दहा नंबरच्या तारांचा संच सुरात लावला की एकूण ताण साधारण ४५ किलो. म्हणून तुण अजिबात नको, मऊ पडते. सागवान चालेल. परदेशी मेपलइतकं ते कडक नाही, पण ऋतू बदलला तरी हलतं कमी, आणि सांगली-मिरजेच्या हवेत हा गुण मोठा.

वाड्याची तुळई म्हणजे लाकूड मुरलेलं असणार, ते उत्तमच. पण आधी लोहचुंबक फिरवा. जुन्या तुळईत खिळ्याचं डोकं कधीच गंजून गेलेलं असतं आणि पाय आत राहतो. रंध्याचं पातं तिथेच जातं, ट्रिमरचा बिट असेल तर डोळाही जाऊ शकतो. खिळ्याभोवतीचं सागवान काळं पडतं, तो डाग खूण म्हणून धरा.

मग रेषा बघा. फळीच्या टोकाकडून पाहिलं तर वर्तुळांच्या रेषा उभ्या दिसल्या पाहिजेत, म्हणजे फ्रेटबोर्ड चिकटतो त्या तोंडाला काटकोनात. आडव्या असतील तर फळी उभी चिरून तीन पट्ट्या करा, मधली उलटी फिरवून परत चिकटवा. एकीचा ओढा दुसरी मारते. मधली पट्टी १२ मिमीपेक्षा कमी नको, कारण ट्रस रॉडची ६ मिमीची खोबण तिच्यातूनच जाणार. आणि बाजूने पाहिलं तर रेषा नटपासून हीलपर्यंत सरळ धावली पाहिजे. हेडस्टॉकपाशी रेषा तिरकी बाहेर निघाली असेल तर ती फळी चौकटीला वापरा, दांडीला नको. तुमचा जुना नेक ज्या जागी तडकलाय तिथली रेषा एकदा बघून घ्या, कळेल मी काय म्हणतोय ते.

ओल किती आहे ते घरीच कळतं. फळीच्या टोकाकडचा चार बोटांचा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. ओव्हनमध्ये शंभराच्या जरा वर, वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. समजा ५४ ग्रॅमचा तुकडा ४८ वर थांबला. गेलेलं पाणी ६, त्याला ४८ ने भागा, साडेबारा टक्के. गिटारला हे जास्त आहे. आठ ते दहा पाहिजे. ओव्हन नसेल तर फळी घरात, जमिनीपासून वर, चारी बाजूंनी वारा लागेल अशी ठेवा आणि दर रविवारी तोला. तीन रविवार तोच आकडा आला की ती तुमच्या घरच्या हवेशी जुळली. पावसाळ्यात मात्र ती ओल्या हवेशी जुळते हे विसरू नका.

शिसवाचं एक. वखारीत शिसम म्हणून देतात ते बहुतेक वेळा उत्तरेतलं तपकिरी शिसम. आपलं जांभळट काळं शिसव निराळं, महाग. बोर्डाला दोन्ही चालतात. पोलिश पेपर मारताना तोंडाला मास्क लावाच. शिसवाची भुकटी नाकात चरचरते, काहींच्या अंगावर पुरळ येतं.

---

कुपवाडचा फिटर

प्रश्न २ आणि ३ माझे.

हॅक्सॉ ब्लेडचं पान साधारण ०.६५ मिमी, पण दात डावीउजवीकडे वळवलेले असतात, त्यामुळे खाच एक मिमीच्या आसपास पडते. फ्रेटच्या खालची जीभ ०.५ ची, तिच्यावर दोन्ही बाजूंना बारीक काटे. एक मिमीच्या खाचेत ती जीभ नुसती लोंबेल. वापरायचंच असेल तर ब्लेड तेलाच्या दगडावर सपाट ठेवून दोन्ही बाजू घासा, दातांचा फाकवा पूर्ण गेला पाहिजे. टाकाऊ शिसवावर खाच मारून फीलर गेज (फट मोजायच्या ठराविक जाडीच्या पात्या) घाला. ०.६० गेलं आणि ०.६५ अडलं तर चालेल. तेवढं जमलं नाही तर फ्रेटची ०.५८ ची करवत मागवा. खर्च आहे, पण एका बोर्डाच्या शिसवापेक्षा स्वस्त.

खाच जास्त घट्ट झाली तरी गडबडच. बावीस खाचांत बावीस पाचरी ठोकल्यासारखं होतं आणि नेक मागे वाकतो. मग लोक ट्रस रॉडला शिव्या देतात. कसोटी सोपी: फ्रेट अंगठ्याने दाबून आत जाता कामा नये, आणि हातोडीच्या दोन-तीन ठोक्यांत पूर्ण बसला पाहिजे.

करवत काटकोनात धरायला दोन लाकडी गालांची पेटी करा. गावात अ‍ॅक्रिलिकचे बोर्ड कापणारे लेझरवाले आहेत, त्यांच्याकडून ३ मिमी अ‍ॅक्रिलिकची ५०० मिमी लांब पट्टी फ्रेटच्या जागी खाचा पाडून घ्या. ती बोर्डाला डबल टेपने चिकटवायची, पेटीत एक पिन ठेवायची, पिन खाचेत अडकली की बोर्ड जागेवर. बोर्डाच्या खाचाच लेझरने मारून द्या असं मात्र सांगू नका. कडा जळतात आणि रुंदी सारखी येत नाही.

आता ट्रस रॉड. पहिल्या फ्रेटला एकूण २०, त्यातला बोर्ड (७ ची पट्टी रंधून) ६, खाली लाकूड १४. त्यात ११ ची खोबण मारली तर पाठीला ३ मिमी उरले. पाठ गोल करताना कानस जरा जास्त चालली की उजेड दिसेल. रॉड ९ चा आहे तर खोबण ९ च, वरच्या तोंडाशी बरोबर सपाट. दोन्हीकडे फिरणारा रॉड खाली लाकडाला आणि वर फ्रेटबोर्डला टेकूनच जोर लावतो. वर दोन मिमी पोकळी राहिली तर पहिले फेरे फुकट जातात, आणि एखाद्या सुराला आत खडखड येते ती वेगळीच. चुकून खोल गेलीच तर तळाला लाकडाची पातळ पट्टी चिकटवून वर आणा.

खोबण तीन-चार थरांत मारा, दर खेपेला ३ मिमीपेक्षा जास्त नाही. ट्रिमरला दोन्ही बाजूंनी गाइड लावा, एका बाजूचं गाइड बिट ओढला की सरकतं. आणि हे फळी आयताकृती असतानाच करायचं. नेकचा निमुळता आकार कापल्यावर गाइड चालायला सरळ कड उरत नाही.

आणखी एक काम आधी करा. एमआयडीसीत सरफेस ग्राइंडिंग करणाऱ्याकडून ४५० × ४० × ६ ची लोखंडी फ्लॅट पट्टी एका कडेने ग्राइंड करून घ्या. बाजारातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला सरळ समजू नका. या कामात सरळ म्हणजे किती सरळ, तर तारा चढल्यावर सातव्या-आठव्या फ्रेटपाशी ठेवायची पोकळी ०.२ ते ०.२५ मिमी असते. पट्टीच अर्ध्या मिमीने वाकडी असेल तर तुम्ही काय मोजणार?

---

विश्रामबागकर

सगळ्यांचे आभार. सॅडल खरंच मधोमध होती. पुढे आणून मोजलं, १८३ आलं. म्हणजे हील ४६५ वर?

---

बाराचा पडदा

हो, ४६५, आणि बोर्डाचं छप्पर ७ मिमी. पण सॅडल अगदी शेवटच्या आट्यापर्यंत पुढे आणली असेल तर एक-दीड मिमी मागे घेऊन पुन्हा मोजा, पुढे सरकायला थोडी जागा उरू द्या. १८४.५ आलं तर हील ४६३.५. हा आकडा पक्का झाल्याशिवाय टेम्प्लेट कापू नका.

---

रंधा आणि पटाशी

क्रमावर कोणी बोललं नाही, आणि घरच्या कामात तिथेच फसतं. मी असा जाईन.

फळीचं वरचं तोंड रंध्याने सपाट, एक कड त्याला काटकोनात. मधली रेघ सुरीने, दोन्ही तोंडांवर आणि दोन्ही टोकांवर. ही रेघ शेवटपर्यंत पुसायची नाही, कारण कडा कापल्या की मापायला तीच उरते. मग ट्रस रॉडची खोबण. जाडी १९ वर आणा, वर ६ चा बोर्ड आला की हील २५ होते. सरळ हेडस्टॉकला १९ पुरतात: वरून ५ उतरवायचे, खाली १४ उरतात. नटपासून हेडस्टॉककडे उतरताना सरळ पायरी करू नका, १५ मिमी त्रिज्येचा गोलावा ठेवा. काटकोनी पायरीच्या कोपऱ्यात तडा सुरू होतो.

६ मिमी एमडीएफचं टेम्प्लेट, बाह्यरेषेच्या बाहेर २ मिमी ठेवून करवतीने कापणी, मग बेअरिंगवाल्या बिटने ट्रिमर. हेडस्टॉकच्या खांद्यापाशी रेषा बिटच्या विरुद्ध येते आणि लाकडाची सालपटं उडतात, कधीकधी बोटभर लांब तुकडाच निघतो. तिथे ट्रिमर नकोच. अर्धा मिमी ठेवून पटाशी आणि पोलिश पेपर. किल्ल्यांची भोकं (१० मिमी, पण तुमच्या किल्ल्या मोजूनच) हेडस्टॉक आयताकृती असताना बेंच ड्रिलवर मारा, खाली टाकाऊ फळी ठेवून. नाहीतर मागच्या बाजूला भोकाची कड फाटते.

बोर्डाला आधी खाचा, मग रेडियस असं बहुतेक जण करतात, मीही तसंच सांगेन. फक्त एक हिशोब ध्यानात असू द्या. १२ इंच म्हणजे ३०५ मिमी त्रिज्या. ५६ रुंदीला कड मधल्यापेक्षा जवळजवळ १.३ मिमी खाली जाते, ४२ ला ०.७. म्हणजे अडीच मिमीची खाच शेवटच्या फ्रेटांच्या कडेला सव्वा मिमीच उरते आणि फ्रेटचं टोक वर राहतं. रेडियस झाल्यावर प्रत्येक खाच पुन्हा त्याच करवतीने गोलाईला धरून खोल करा, आणि भुकटी ब्लेडच्या टोकाने खरवडून काढा. खाचेत दाबून बसलेली भुकटी ही फ्रेट न बसण्याची सगळ्यात साधी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे.

पाठ कोरायची ती बोर्ड चिकटवल्यानंतरच. आधी कोरली तर शिकंजाला खाली सपाट जागा राहत नाही, आणि पातळ झालेला सागवान गोंदाच्या ओलीने वाकतो.

---

दांडीवाला, मिरज

रंधाभाऊंचं बरोबर, फक्त खाचांच्या क्रमावर माझं मत वेगळं. पेटीत बोर्ड सपाट लागतो हे खरं, पण चिकटवण्याआधीच बावीस खाचा मारलेला पातळ बोर्ड गोंद लागला की भाकरीसारखा फुगून वाकतो. मी आधी चिकटवून मग खाचा मारायला सांगेन.

---

रंधा आणि पटाशी

तुमचा हात बसलेला आहे, तुम्हाला जमेल. नवख्याने निमुळत्या, चिकटवलेल्या नेकवर काटकोन धरायचा कुठून? पेटी चालत नाही, चौकोनी कड उरलेली नाही. वाकण्यावर उपाय गोंदात आहे, क्रमात नाही.

---

कुपवाडचा फिटर

गोंदावर दोघांचं एकमत होईल असं सांगतो. पाण्याचा पांढरा किंवा पिवळा गोंद लावला की दोन्ही तोंडं पाणी पितात, बोर्ड फुगतो, नेक मागे झुकतो, आणि आठवडाभरात पाणी उडालं की बराचसा परत येतो. उन्हाळ्यात चिकटवा, नुकसान नाही, पण सुकेपर्यंत पातळी काढू नका. आत्ता पावसातच करायचं असेल तर चोवीस तासांत घट्ट होणारा इपॉक्सी घ्या, पाच मिनिटांवाला नको. त्यात पाणीच नाही. शिवाय सागवान तेलकट आहे. चिकटवण्याच्या पंधरा मिनिटं आधी थिनर किंवा अ‍ॅसिटोनच्या फडक्याने तोंड पुसा, फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत. पुसून रात्रभर ठेवलं तर तेल परत वर येतं.

पण लाकूडच साडेबारा टक्क्यांचं असेल तर इपॉक्सीही वाचवणार नाही. आधी दांडीवाल्यांचा काटा.

चिकटवताना पहिल्या आणि एकविसाव्या खाचेत दोन बारीक खिळे मारून डोकी उडवा. बोर्ड गोंदावर घसरतो, आणि शिकंजा आवळताना मधली रेघ एक मिमी सरकली की ४२ ची रुंदी एका बाजूला आली म्हणून समजा. ट्रस रॉडवर टेप लावून गोंद पसरायचा, टेप काढायचा, मग बोर्ड. टेप विसरला तर गोंद खोबणीत उतरतो आणि रॉड कायमचा जाम. शिकंजे सहा कमी आहेत, दहा तरी हवेत. दोन उसने आणा, दोन विकत घ्या. वरून बोर्डाएवढी जाड सपाट पट्टी ठेवूनच आवळा, नाहीतर प्रत्येक शिकंजाखाली खळगा पडतो. शिकंजाखालून गोंद बारीक मण्यांसारखा सलग बाहेर आला पाहिजे. एखाद्या ठिकाणी मणी नाही म्हणजे तिथे गोंद नाही.

---

बाराचा पडदा

पाठीचा आकार: पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी आधी शेवटच्या जाडीचे दोन पट्टे कानशीने उतरवा (२० आणि २२, बोर्डासकट), मग त्यांना रंध्याने जोडा. नंतर कडांना तिरके पैलू, त्या पैलूंच्या कडांवर आणखी पैलू, शेवटी गोल. सुरुवातीपासून गोल करायला गेलं की कुठे पोट कुठे खड्डा. हॅक्सॉ ब्लेडची पाठ किंवा फुटक्या काचेची ताजी कड सागवान छान खरवडते, रंध्याने उचललेली साल तिथे बसते. डोळ्यावर जाऊ नका, डोळे मिटून तळहात नटपासून हीलकडे फिरवा. खड्डा तिथेच कळतो.

---

कुपवाडचा फिटर

फ्रेट बसवणं.

खाचेच्या दोन्ही काठांवर त्रिकोणी कानशीचा हलका एकच हात. पुढे कधी फ्रेट काढायचा झाला तर शिसव सोलून निघत नाही. फ्रेटवायर बोर्डाच्या गोलाईपेक्षा जरा जास्त वाकवा, १२ इंचाच्या बोर्डाला १० च्या आसपास. म्हणजे टोकं आधी टेकतात आणि मध्य दाबल्यावर टोकं लाकडाला धरून बसतात. सरळ वायर ठोकली की उलट होतं, मध्य बसतो आणि टोकं स्प्रिंगसारखी वर. प्रत्येक तुकडा रुंदीपेक्षा एक सेंटिमीटर जास्त. बावीस तुकड्यांना साधारण १.३ मीटर लागतात. तुमच्याकडे दीड मीटर आहे, म्हणजे दोन-तीन फ्रेट वाया गेलेले चालतील, चौथा नाही.

हातोडी प्लास्टिक किंवा पितळेच्या तोंडाची. एक ठोका एका टोकाला, एक दुसऱ्याला, मग मध्य. नेकखाली नेमकी त्या फ्रेटच्या खाली वाळूची छोटी पिशवी ठेवा. अधांतरी नेकवर ठोकलं तर नेक नाचतो आणि फ्रेट उडी मारतो. बेंच ड्रिल आहे तर तोच प्रेस म्हणून चालेल: गोलाईचा लाकडी ठोकळा चकमध्ये, मशीन बंद, प्लग काढलेला, हळू दाब. टोकं कापल्यावर साधारण ३५ अंशाला कानस. सांगलीत एप्रिल-मेमध्ये बोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बोटाला लागतात. तेव्हा पुन्हा एक हात मारावा लागेल, तो दोष नाही.

पातळी काढताना आधी ट्रस रॉड फिरवून नेक अगदी सरळ करा. फ्रेटच्या माथ्यावर मार्करची शाई, ग्राइंड केलेल्या पट्टीला ४०० चा पोलिश पेपर, लांबीच्या दिशेने हात. सगळ्या माथ्यांची शाई एकदा गेली की थांबा. मग माथे परत गोल, ६००, १०००, २००० ने पॉलिश.

---

दांडीवाला, मिरज

नटसाठी हाड घेतलंय ते चांगलं. खाचा मात्र तारेच्या जाडीएवढ्या, हेडस्टॉककडे किंचित उतरत्या. तार खाचेच्या पुढच्या, म्हणजे फ्रेटकडच्या काठावरच टेकली पाहिजे. खाच मध्ये उंच आणि पुढे उतरती राहिली की तार खाचेत घासून झणझणते. सतारीच्या घोडीवर तीच झणझण जवारी म्हणून आम्ही मुद्दाम काढतो आणि तिचे पैसे घेतो. गिटारवाला त्याच आवाजासाठी पैसे परत मागेल.

तेल लावणार असाल तर जवसाचं उकळलेलं तेल पाठीला पातळ, तीन हात, प्रत्येक हाताला दोन दिवस. भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती सुकताना आतल्या आत तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा उघडी पसरून वाळवा.

---

विश्रामबागकर

सॅडल दीड मिमी मागे घेतली, १८४.५. म्हणजे हील ४६३.५, छप्पर साडेआठ. एकच राहिलं: खिसा १६, हील २५, तर छपराखाली बॉडीपासून फक्त ३ मिमी उरतात. पिकगार्ड (बॉडीवरचं प्लास्टिकचं पान) अडेल का? आणि हीलचे चार स्क्रू ४५ मिमीचे आहेत, ते बोर्डात घुसणार नाहीत ना?

---

बाराचा पडदा

पिकगार्ड कॅलिपरने मोजा. तीन थरांचा असेल तर साधारण अडीच मिमी, जेमतेम जाईल. अडला तर छपराखालचा भाग पोलिश पेपरने पाव मिमी घासा, खिशाला हात लावू नका.

स्क्रू: बॉडी ४४ जाड, खिसा १६, मागे उरले २८. मागच्या पत्र्याचे २ धरून ३०. म्हणजे ४५ चा स्क्रू हीलमध्ये १५ जातो, लाकूड १९ आहे, वर ४ शिल्लक. पण हे बॉडी ४४ असेल तर. स्वस्त बॉडी ४० चीही निघते, मग टोक बोर्डाला भिडेल आणि ४० चे स्क्रू घ्यावे लागतील. बॉडीतली भोकं ४.५ ते ५ मिमी, स्क्रू त्यातून सैल गेला पाहिजे. तो बॉडीतही आवळला तर नेक आणि बॉडीमध्ये फट राहते. हीलमध्ये ३ मिमीचं भोक, ड्रिलच्या बिटला १६ वर टेप गुंडाळून, आणि स्क्रूच्या आट्यांना मेण चोळून.

---

विश्रामबागकर

मोजली. ४१ आहे. उद्या ४० चे स्क्रू आणतो आणि फळी काट्यावर ठेवतो.